एक मिक्सर, पाच झोन आणि लॉनवर उशिरा पडणाऱ्या अक्षता

होटगी रोडकर | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या काकांचं सोलापुरात होटगी रोडला मंगल कार्यालय आहे. इतकी वर्षं दर लग्नाला साउंडवाला बाहेरून यायचा, त्याचे बॉक्स, त्याच्या वायरी, त्याचा पोरगा. यंदा काकांनी यंत्रणा कायमची बसवून घेतली. ती चालवायची कोणी, तर मी. मी शिकलो मेकॅनिकल, नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, पण 'घरातला इंजिनिअर' एवढी पात्रता काकांना पुरली.

सामान असं. हॉलमध्ये स्टेजच्या दोन बाजूंना १५ इंची पॉवर्ड (अँप आतच असलेले) बॉक्स, आणि हॉलच्या मध्यावर खांबांना तसेच अजून दोन. स्टेजपासून मधल्या बॉक्सपर्यंत १८ मीटर (टेपने मोजलंय). भोजनगृहात भिंतीवर १२ छोटे स्पीकर आणि पॅसेजमध्ये छतात ४, सगळे एका १६० वॅटच्या अँपच्या १०० व्होल्ट लाईनवर. लॉनवर चार कॉलम (उंच, अरुंद स्पीकर), वेगळ्या अँपवर. पोर्चला दोन कर्णे. वधू-वरांच्या खोल्यांत एकेक. मिक्सर १८ चॅनलचा डिजिटल, टॅबवरून चालणारा. मेन लेफ्ट-राईट स्टेजला. बाकी ऑक्स, म्हणजे मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायच्या जादा वाटा: ऑक्स १ मधल्या बॉक्सना, २ भोजनगृह, ३ लॉन, ४ पोर्च, ५ खोल्या, ६ भटजींपुढचा मॉनिटर (त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर).

आता गाऱ्हाणं. गुरुवारच्या लग्नात लॉनवर उभ्या लोकांना 'सावधान' दोनदा ऐकू येत होतं. त्यामुळे हॉलमधल्या अक्षता पडून गेल्यावर लॉनवरच्या पडायच्या. हॉलच्या मागच्या अर्ध्यात मंगलाष्टकांचे शब्दच कळत नव्हते, नुसतं घुमत होतं. भोजनगृहाचा अँप तासाभराने बंद पडतो, पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होतो. लॅपटॉपला स्टेजवरचा मोठा स्क्रीन जोडला की शहनाई गायब. वर सगळीकडे एक बारीक गुणगुण.

आणि कहर म्हणजे, लग्न लागल्यावर मी भटजींच्या माईकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पूर्ण खाली ओढला. हॉलमध्ये शांतता. पण माईक सोफ्यावर तसाच पडलेला, त्याच्या शेजारी मुलीकडचे दोन ज्येष्ठ बसले आणि कोणी किती आहेर केला याचा हिशोब त्यांनी काढला. तो संपूर्ण हिशोब भोजनगृहात पंगतीने ऐकला. नावांसकट.

ज्यांनी बसवलं ते फोनवर 'सेटिंगचं बघतो' म्हणतात. पुढचं लग्न दहा दिवसांवर आहे.

कडक भाकरी | रविवार, रात्री ११:४१

बाकी राहू द्या, सगळ्यात कमी आहेर कोणाचा होता?

बाराबंदी | रविवार, रात्री ११:५५

काय करूलालास बे? एवढं सगळं बसवलास आणि आमाला सांगायचं न्हाय व्हय. त्या लग्नाला मी लॉनवरच होतो. अक्षता उशिरा पडल्या त्या आवाजामुळं न्हाय, आमी गप्पा मारत होतो म्हणून. पण घुमत होतं हे खरं.

ओहममामा | सोमवार, सकाळी ७:१०

रोडकर, सामान ठीक आहे. एक मिक्सर, सहा ऑक्स, पाच जागा, यात काही चूक नाही. चूक आहे ती सगळे ऑक्स मॉनिटरसारखे लावण्यात. आहेराच्या प्रकरणापासून सुरू करतो, कारण ते सर्वात स्वस्तात सुटणारं आहे.

ऑक्सला आवाज दोन ठिकाणांहून घेता येतो: फेडरच्या आधी किंवा फेडरच्या नंतर. प्री-फेडर आणि पोस्ट-फेडर. मॉनिटरला प्री बरं, कारण तुम्ही हॉलचा आवाज कमी-जास्त केला तरी भटजींना स्वतःचा आवाज तेवढाच ऐकू यायला हवा. पण भोजनगृह, लॉन, पोर्च हे ऐकणाऱ्यांचे झोन आहेत. तिथे पोस्ट हवं. माईक खाली ओढला की सगळीकडे खाली. तुमचे सहाही ऑक्स प्री वर आहेत, पैज लावतो. ऑक्स ६ सोडून बाकी पाच पोस्ट करा. आणि फेडर ओढण्यापेक्षा म्यूटचं बटण दाबायची सवय लावा. बहुतेक डिजिटल मिक्सरांत म्यूट प्री-सेंडलाही मारतं, पण तुमच्या मिक्सरमध्ये ते सेटिंगवर आहे का ते एकदा तपासून घ्या.

पण त्याआधी एक काम. टॅब बाजूला ठेवा, वहीचं एक पान घ्या. उभ्या रांगेत आवाज कुठून येतो ते लिहा: भटजींचा माईक, निवेदकाचा माईक, लॅपटॉपची शहनाई, ऑफिसातला घोषणेचा माईक, ऑर्केस्ट्रा असेल तर तो. आडव्या रांगेत पाच जागा. प्रत्येक चौकोनात फक्त एवढंच लिहा: ऐकू यायला हवं, नको, की बारीक हवं. काकांना आणि स्वयंपाकाच्या मुकादमाला शेजारी बसवून लिहा. तुम्हाला वाटतं भोजनगृहात मंगलाष्टकं हवीत. मुकादम सांगेल, मुहूर्त लागला की वाढप सुरू करायचं असतं म्हणून त्याला ती हवीतच, पण त्यानंतरचे सत्कार अजिबात नकोत.

होटगी रोडकर | सोमवार, सकाळी ७:३२

मामा, पैज जिंकलात. सहाही प्री.

साउंडवाली ताई | सोमवार, दुपारी १:०५

मी नाटकांचा ध्वनी सांभाळते, हुतात्मा स्मृती मंदिरात बरेच प्रयोग केलेत, त्यामुळे हॉलच्या मागच्या रांगांचं दुखणं माहितीतलं.

हॉलच्या मागे शब्द कळत नाहीत याचं कारण मधले दोन बॉक्स. वायरीतून आवाज तिथे लगेच पोचतो, स्टेजवरचा मात्र हवेतून चालत येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेही २० अंश तापमानाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० वर असतो तेव्हा ३५५ च्या आसपास. हिशोबाला मीटरमागे २.९ मिलिसेकंद धरा. १८ मीटरला झाले ५२. म्हणजे मागच्या माणसाला आधी खांबावरचा भटजी ऐकू येतो आणि ५२ मिलिसेकंदांनी स्टेजवरचा. दोन आवाजांत एवढं अंतर पडलं की कानाला ते एकात एक मिसळता येत नाहीत. अक्षरं एकमेकांवर चढतात.

उपाय: मधल्या बॉक्सना डिले द्यायचा, म्हणजे तिथला आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडायचा. नुसता ५२ नाही, वर अजून १० टाकायचा, म्हणजे ६२. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला. त्याचं सार असं: जो आवाज आधी येतो, कान दिशा त्याची धरतो. मागून १० ते ३० मिलिसेकंदांत आलेला दुसरा आवाज पहिल्यापेक्षा मोठा असला तरी तो वेगळा वाटत नाही, पहिल्याचाच जोर वाढल्यासारखा वाटतो. म्हणून ते १० वर टाकायचे. शब्द खांबावरच्या बॉक्समधून स्पष्ट मिळतात आणि मान मात्र स्टेजकडे वळते. नीट जमलं की लोक विचारतात, खांबावरचे बॉक्स चालू आहेत का.

लॉनचंही तेच. स्टेजपासून लॉन किती?

होटगी रोडकर | सोमवार, दुपारी १:४०

कॉलमपर्यंत ४५ मीटर. मधली मोठी दारं उघडीच असतात. पण ताई, माझ्या मिक्सरमध्ये आउटपुटला डिले दिसत नाही. इफेक्टमध्ये इको वगैरे आहे तेवढाच.

साउंडवाली ताई | सोमवार, दुपारी २:१५

मग तीन वाटा.

एक, मधले बॉक्स पॉवर्ड आहेत ना? त्यांच्या मागे छोटा पडदा आणि एक फिरवायचं बटण असेल तर मेनूत डिले असतोच, कधी मिलिसेकंदात, कधी थेट मीटरमध्ये. मीटरमध्ये असेल तर २१-२२ टाका, ते वरचे १० धरून झाले.

दोन, लॉनसाठी जुगाड. मिक्सरमधला साधा डिले इफेक्ट ऑक्स ३ वर इन्सर्ट करा. फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येणं) शून्य, मिक्स १०० टक्के. म्हणजे मूळ आवाज जाणारच नाही, फक्त उशिरा आलेला एकच जाईल. वेळ १३० अधिक १०, म्हणजे १४०. एक इफेक्ट खर्ची पडेल, पण लग्नात इफेक्ट लागतात किती? गायकाला थोडा रिव्हर्ब (घुमारा), बस.

तीन, पैसे घालून वेगळा प्रोसेसर. किंवा मोठा मिक्सर. बेहरिंगर कंपनीच्या एक्स ३२ मिक्सरवर १६ मिक्स बस (तुमच्या ऑक्ससारख्याच वाटा) आणि त्यांच्या पुढे ६ मॅट्रिक्स आहेत, प्रत्येक आउटपुटला स्वतःचा डिले आहे. झोनसाठी मॅट्रिक्ससारखं सुख नाही: हॉलचं तयार मिश्रण एकदाच करायचं आणि मॅट्रिक्समधून कुठे किती पाठवायचं तेवढं ठरवायचं. पण तुमच्या कामाला ती चैन आहे. आधी जुगाड करून बघा.

तपासायचं कसं: मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक ठेका देणारं अ‍ॅप) माईकसमोर धरा, टक टक. मधल्या बॉक्सच्या चार-पाच मीटर मागे उभं राहा. डिले शून्यावर असताना 'टकक' ऐकू येईल. वाढवत न्या. एक क्षण असा येतो की 'टक' एकच होतो आणि स्टेजवरून येतो. तिथे थांबा. आकड्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा. हॉल रिकामा असताना जास्त घुमतो हेही लक्षात असू द्या. माणसं आणि त्यांच्या पैठण्या बराच आवाज पितात.

कडक भाकरी | सोमवार, दुपारी २:३०

१३० मिलिसेकंदांत कोणी दोनदा 'सावधान' ऐकत नाही, 'सावधाधान' ऐकतं. अक्षतांचं बाराबंदी म्हणतोय तेच खरं.

होटगी रोडकर | सोमवार, दुपारी २:३४

'सावधाधान' होतं. मान्य.

वायरमन काका | सोमवार, रात्री ८:५०

पोरांनो, तुमचं डिले-बिले चालू द्या. बंद पडणाऱ्या अँपकडे बघा आधी, नाहीतर जळेल. मी ३५ वर्षं गिरणीत आणि नंतर सभा-मंडपांत वायरिंग केलंय.

१०० व्होल्ट लाईन म्हणजे काय ते आधी समजून घे. प्रत्येक स्पीकरमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला टॅप असतात, ३०, १५, साडेसात असे. आपण टॅप निवडतो तेवढे वॅट तो स्पीकर लाईनमधून घेतो. सगळ्या टॅपची बेरीज अँपच्या वॅटच्या आत पाहिजे, आणि मी तर ८० टक्क्यांपुढे जात नाही. तुझा अँप १६० चा. म्हणजे बेरीज १२८ च्या खाली. कुठल्या टॅपवर आहेत ते बघून सांग.

लोक विचारतात, एवढी भानगड कशाला, सरळ ८ ओहमचे बॉक्स का नको. हिशोब ऐक. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १०० मीटर लांब टाकली, जाणं-येणं २०० मीटर झालं, तर वायरीचाच रोध सव्वादोन ओहमच्या पुढे जातो. ८ ओहमच्या बॉक्सला मग मिळायला हव्या त्या पॉवरच्या ६० टक्के मिळतात, बाकीची हानी. तीच वायर १०० व्होल्ट लाईनवर, १०० वॅटचा भार घेऊन, ९५ टक्के पोचवते. वीज मंडळ लांबच्या लाईनला व्होल्टेज का वाढवतं, तेच इथे.

होटगी रोडकर | मंगळवार, रात्री ९:१५

काका, शिडी लावून सगळे उघडले. बारा भिंतीवरचे १५ वॅटच्या टॅपवर, चार छतातले ६ वर. बेरीज १८० अधिक २४, म्हणजे २०४. अँप १६० चा!

वायरमन काका | मंगळवार, रात्री ९:४०

बघ. बारा साडेसातवर आण, चार ३ वर. बेरीज १०२. आवाज अर्धा होईल असं वाटेल, पण तसं होत नाही. वॅट अर्धे झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनी उतरतो, जेवणाऱ्या माणसाला कळणारसुद्धा नाही.

पण माझं मन भरत नाही. २०४ चा भार असला तरी मंद शहनाईवर तो तासाभरात बंद पडायला नको. त्या लाईनवर अजून काहीतरी आहे. अँप बंद कर, लाईन अँपवरून सोडव आणि मल्टिमीटर लाव. खरा भार मल्टिमीटरवर कळत नाही, तो फक्त डीसी रोध दाखवतो, खऱ्या इम्पिडन्ससाठी (आवाजाच्या एसी सिग्नलला होणारा रोध) वेगळा मीटर लागतो. पण ट्रान्सफॉर्मरवाला स्पीकर काही दहा ओहम दाखवेल आणि बिनट्रान्सफॉर्मरचा ८ ओहमचा बॉक्स साधारण ६. एकेक फांदी सोडव आणि बघत जा. आकडा जिथे एकदम उडी मारेल तिथे चोर.

नियमावली | मंगळवार, रात्री १०:२०

सगळे तांत्रिक बोलताहेत म्हणून एक आठवण. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त हॉलला त्यात मुभा आहे, लॉनला नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५ आणि ५५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र, पण राज्य सरकारने तसं जाहीर केलं असेल तरच. होटगी रोडला दवाखाने कमी नाहीत, टेप आहेच तुमच्याकडे, तेही मोजून घ्या. माझं मत विचाराल तर लॉनचा झोन वेगळ्या म्यूट ग्रुपमध्ये (एका बटणाने गप्प होणाऱ्या गटात) टाका आणि पावणेदहाला दाबा.

बाराबंदी | मंगळवार, रात्री १०:४५

पावणेदहाला लॉन बंद केलास तर वरात काय मुक्याने नाचणार?

नियमावली | मंगळवार, रात्री १०:४७

वरात तुमच्या मिक्सरवर नाही ना? मग तो तुमचा प्रश्न नाही.

ओहममामा | बुधवार, सकाळी ६:५५

लॅपटॉपचं कोणीच घेतलं नाही, म्हणून मी घेतो. विंडोजवर आहात असं धरतो.

एचडीएमआय वायरीतून चित्रासोबत आवाजही जातो. स्क्रीन जोडला की विंडोजला वाटतं, नवा मोठा टीव्ही आला, आवाज तिकडेच हवा. तुमची शहनाई त्या स्क्रीनच्या न जोडलेल्या स्पीकरमध्ये वाजत असते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड उघडा. आउटपुटमध्ये तुमचं यूएसबी साउंड कार्ड निवडा. तेवढ्यावर थांबू नका. जुन्या साउंड कंट्रोल पॅनलच्या प्लेबॅक टॅबवर जाऊन एचडीएमआयचं नाव उजव्या क्लिकने डिसेबल करा. मग स्क्रीन काढा-लावा, आवाज जागचा हलत नाही.

तिथेच शेजारी कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. विंडोज कॉल आला की बाकी आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं. अमेरिकेतला मामा व्हिडिओ कॉलवर आला की शहनाई का दबते ते यावरून कळेल. तिथे 'डू नथिंग' निवडा. आणि विंडोजच्या टिणटिण आवाजांची योजना 'नो साउंड्स' करा. बॅटरी कमी झाल्याची घंटा मंगलाष्टकात घुमलेली मी स्वतः ऐकली आहे.

अजून एक सोय बऱ्याच लोकांना माहीत नसते. २०१८ पासून विंडोज १० मध्ये आणि पुढे ११ मध्ये प्रत्येक प्रोग्रामचं आउटपुट वेगळं ठरवता येतं. ११ मध्ये साउंडच्या आत व्हॉल्यूम मिक्सर उघडा. शहनाईचा प्लेअर यूएसबी कार्डावर, भोजनगृहातल्या जुन्या गाण्यांचा दुसरा प्लेअर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर. दोन्ही मिक्सरवर दोन वेगळ्या चॅनलवर घ्या, दुसरा फक्त ऑक्स २ कडे पाठवा. एका लॅपटॉपवर दोन झोनला दोन कार्यक्रम.

ब्लूटूथने लॉनचा बॉक्स जोडायचा मोह कोणाला झाला तर आवरा. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि ते दर वेळी सारखे नसतात. ताईंचा सगळा हिशोब पाण्यात.

होटगी रोडकर | बुधवार, दुपारी १२:३०

मामा, झालं. एचडीएमआय गप्प. पण आता नवीनच. काल चाचणीला भोजनगृहात एक जुना अभंग लावला. टाळ आहेत, पखवाज आहे, बुवा नाहीत. हॉलमध्ये बुवा आहेत.

साउंडवाली ताई | बुधवार, दुपारी १:१०

बुवा उजवीकडे बसलेत. काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असत. तुमच्या ऑक्स २ ला लॅपटॉपचं फक्त डावं चॅनल जातंय. दोन चॅनल मिक्सरवर जोडीने बांधा आणि दोन्हींमधून पाठवा. झोनला स्टिरिओ नकोच, जेवणारा माणूस दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये कधी बसत नाही. घाईत असाल तर विंडोजमध्ये साउंडच्या पानावरच 'मोनो ऑडिओ' चालू करा, दोन्ही बाजू एकत्र येतील. डावी-उजवी वायर सरळ एकमेकींना चिकटवून वाय केबल मात्र करू नका. दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावतात आणि आवाजाची वाट लागते.

भोजनगृहाच्या ऑक्सवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, हाय-पास. छोट्या स्पीकरमधून तो खर्ज येत नाहीच, उलट लाईनचे ट्रान्सफॉर्मर त्याने भरून जातात आणि आवाज फाटतो. सोलापुरात घोषणा मराठीत, कानडीत आणि तेलुगूत होतात. तिन्ही भाषांतली व्यंजनं कळायला हवीत, ढोल नाही.

कडक भाकरी | बुधवार, दुपारी १:२५

'एमएच १३ पांढरी गाडी, गेटसमोरून काढा' हे तिन्ही भाषांत सांगितलं तरी गाडीवाला ऐकत नाही. तो जेवत असतो.

ओहममामा | बुधवार, दुपारी १:५०

म्हणूनच घोषणेचा माईक सगळ्या झोनला जायला हवा आणि तो आला की शहनाई आपोआप खाली जायला हवी. मिक्सरमध्ये कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारा) असतो, त्याला साइडचेन असतं, म्हणजे दुसऱ्या चॅनलच्या आवाजावरून तो चालवता येतो. शहनाईच्या चॅनलवर कॉम्प्रेसर लावा आणि त्याची चावी घोषणेच्या माईकला द्या. बोललं की संगीत १०-१२ डेसिबल खाली, बोलणं थांबलं की सेकंदाभरात वर. त्याच्यासाठी पोरगं फेडरवर बसवायला नको.

होटगी रोडकर | रविवार, रात्री ८:१०

मंडळी, आज दिवसभर तिथेच होतो. काकांनी दोन वेळचं जेवण तिथे पाठवलं, घरी बोलवायचं बंद केलंय.

वायरमन काका, तुमच्या पायाला हात लावून नमस्कार. एकेक फांदी सोडवत गेलो. पॅसेजपर्यंत ठीक. पॅसेजमधून एक काळी वायर खिडकीबाहेर जात होती, ती सोडवल्यावर आकडा एकदम वर. वायरीच्या मागे गेलो तर गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत पोचलो. तिथे कोणीतरी जुना ८ ओहमचा बॉक्स १०० व्होल्ट लाईनवर थेट जोडलेला. वॉचमन म्हणतो, इलेक्ट्रिशियनने दिला, लै भारी वाजतो.

वायरमन काका | रविवार, रात्री ८:३०

वाजणारच! १०० व्होल्टला ८ ओहम म्हणजे साडेबाराशे वॅटची मागणी. अँप बिचारा मंद आवाजातही तापत होता. त्याला ट्रान्सफॉर्मर लावून पाच वॅटच्या टॅपवर दे, वॉचमनचं मन मोडू नको.

होटगी रोडकर | रविवार, रात्री ९:०५

तसंच केलं. भोजनगृह आता १०२ अधिक ५, १०७ वर. चार तास चालवलं, हात ठेवता येतो इतकाच गरम. अँपची खोली पत्र्याची आहे, वर एक एक्झॉस्ट पंखा लावायला सांगितलाय, मेमध्ये लागेलच.

मधल्या बॉक्सच्या मेनूत डिले निघाला. मेट्रोनोमने ६१ वर 'टक' एक झाला, ताईंनी ६२ म्हटलं होतं. लॉनला इफेक्टचा जुगाड, १४० वर. मी लॉनच्या टोकाला उभा, आतून पुतण्या 'सावधान सावधान' ओरडत होता. एकदाच ऐकू येतंय.

गुणगुण मात्र अजून आहे. लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते.

ओहममामा | रविवार, रात्री ९:२०

ग्राउंड लूप. चार्जरची अर्थिंग एकीकडून, मिक्सरची दुसरीकडून, मधल्या वायरीच्या जाळीतून ५० हर्ट्झ आणि त्याचे दुप्पट-तिप्पट फिरतात. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज पुढे पाठवून विजेची जोडणी तोडणारी डबी) टाका, दोन चॅनलचा. दोन्ही एकाच बोर्डवर लावून बघा, कधी तेवढ्यानेही जाते. आणि कोणी सांगेल चार्जरची तिसरी पिन काप, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. अर्थिंग माणसासाठी असते, आवाजासाठी नाही.

होटगी रोडकर | मंगळवार, रात्री ११:५०

आजचं लग्न पार पडलं. अँप एकदाही बंद नाही. मागच्या रांगेतल्या आजींना मंगलाष्टकातला मुलीच्या आजोळचा उल्लेख ऐकू आला, त्यांनी मला बोलावून सांगितलं. मामांचं वहीचं पान मिक्सरच्या कपाटावर चिकटवलंय. मुकादमाने त्यात स्वतःच्या हाताने 'सत्कार: नको' असं लिहिलंय, खाली दोन रेघा. डीआय बॉक्स टाकल्यावर गुणगुण गेली. लॉन पावणेदहाला बंद केला. वराकडच्या पोरांनी शिव्या घातल्या, पण चालायचंच.

एक राहिलं. मधेच कोणीतरी टॅबवर ऑक्स ५ वाढवून ठेवला होता, वधूच्या खोलीत मेकअपवाली बाई दचकली. बहुतेक काकांचा नातू.

साउंडवाली ताई | बुधवार, सकाळी १०:००

सीन, म्हणजे मिक्सरची सगळी सेटिंग्ज, सेव्ह करून ठेवा, 'लग्न', 'साखरपुडा', 'रिकामं' अशा नावांनी. चुकलं तर एका टिचकीत परत येता येतं. आणि टॅबला पासवर्ड, कपाटाला कुलूप.

बाराबंदी | बुधवार, सकाळी १०:२०

कुलपाची चावी माझ्याकडं दे बे. वरातीला लागंल.

होटगी रोडकर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

कुलूप लावलं. ज्यांनी साउंड बसवला त्यांचा आज फोन आला होता, सेटिंग बघायला उद्या येऊ का म्हणून. काका म्हणाले, या, चहा घ्या, कपाट मात्र उघडणार नाही.